अर्ध्या इंचाने अडलेलं कपाट

फोन आला तेव्हा मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, माझ्या वर्कशॉपमध्ये मशीनसमोर उभी होते. मशीन चालू असताना फोन उचलायचा नाही, हा नियम मीच केलेला. पण स्क्रीनवर अस्लमचं नाव होतं आणि दुपारचे तीन वाजले होते. अस्लम शाळेत मास्तर आहे, शाळेच्या वेळात तो कधी फोन करत नाही. “ताई, अब्बा गेले,” एवढंच म्हणाला. दुपारची नमाज पढून आडवे झाले होते, चहाला उठवायला चाची गेल्या तर… “आलो,” मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही ‘आले’ म्हणत नाहीत, ‘आलो’च म्हणतात. फोन ठेवला, पण मशीन बंद केलं नाही. अर्ध्यात थांबवलं असतं तर लाकडावर व्रण उठला असता. अकरा मिनिटांचं काम राहिलं होतं. ती अकरा मिनिटं मी तिथंच उभी राहिले, काम पुरं झाल्यावर लाकडावरून एकदा हात फिरवला आणि मग गाडी काढली. हे कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे विचित्र बघतात. चाचांनी बघितलं नसतं.

चार दिवस आधीच मी त्यांना भेटून आले होते. खाटेवर पडल्या पडल्या ते घराबद्दल बोलत होते. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीतलं ते भाड्याचं घर मालक पाडणार होता, अस्लमनं कसबा बावड्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. “समदं न्हेता येतंय,” चाचा म्हणाले, “कपाट तेवढं न्हाय बसायचं. त्याचं काय करायचं?” मी फोनमध्ये कुठलासा मेसेज बघत होते. “बघू की, चाचा,” मी म्हणाले. त्यांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. त्यांनी माप विचारल्यासारखं विचारलं होतं आणि मी ‘बघू की’ म्हणाले होते.

चाचा, म्हणजे दस्तगीर मिस्त्री, पॅटर्न मेकर होते. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगावं लागतं. ओल्या वाळूत नारळ दाबून अलगद काढला की तिथं नारळाच्या आकाराचा खड्डा राहतो. त्या खड्ड्यात वितळलेलं लोखंड ओतलं तर लोखंडाचा नारळ तयार होईल. फौंड्रीत हेच चालतं, फक्त नारळाच्या जागी पंपाचं झाकण असतं, गिअरची पेटी असते, आणि वाळूत दाबायला आधी तोच भाग लाकडाचा करून घ्यावा लागतो. ते लाकूड म्हणजे पॅटर्न. चाचांनी उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसहून जास्त वर्षं हे काम केलं. देशात कुठं कुठं शेतात जे पंप पाणी ओढतात त्यातल्या कितीतरींचा पहिला जन्म त्या शेडमध्ये सागवानात झाला, पण पंपावर मिस्त्रीचं नाव नसतं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या शहाणपणामुळे. नुकतीच इंजिनिअर होऊन मी कागलच्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात लागले होते. त्या वयात माणसाला आपल्याएवढं कुणाला काही कळत नाही असं वाटतं, आणि माझ्या डोक्यावर तर कंपनीचं पिवळं हेल्मेटही होतं. चाचांनी केलेला एक पॅटर्न तपासायला मला उद्यमनगरात पाठवलं. मी माझी स्टीलची पट्टी लावून ड्रॉइंगप्रमाणे मापं तपासली, लाल पेनानं कागदावर लिहिली आणि गंभीरपणे म्हणाले, “मिस्त्री, नऊ मापं चुकलीत.” त्यांनी कागद हातात घेतला. “नऊच? मंग बाकीची बी चुकली असतील. बगा की परत, म्याडम.” मी परत मोजलं. खरंच, सगळीच जास्त भरत होती. “सगळंच चुकलंय!” मी म्हणाले. “समदं सारखंच चुकलंय का?” सारखंच चुकलं होतं, शंभराला एक. चाचा माझ्याकडे बघत राहिले. “समदं सारखंच चुकतंय म्हंजे चुकणारा जरा तरी शाणा असंल का न्हाय? लोखंड थंड झाल्यावर आकसतंय की. कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय?”

शिकवत होते. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. लोखंड आकसणार, म्हणून लाकूड आधीच शंभराला एक एवढं मोठं करायचं, हे मी दोन पानं भरून लिहिलं होतं, फक्त खरं लाकूड समोर आल्यावर आठवलं नाही. मग त्यांनी मला टेबलावरची त्यांची पट्टी दाखवली. दिसायला माझ्यासारखीच, पण तिच्यावर जिथं शंभर लिहिलं होतं तिथं खरे एकशे एक मिलिमीटर भरायचे. पॅटर्नवाल्यांची पट्टीच अशी लांबवलेली असते, म्हणजे दर वेळी हिशोब करत बसायला नको. ओशाळून मी निघाले तर म्हणाले, “च्या घिऊन जावा. चुकल्यावर च्या न पिता गेलं तर चूक डोस्क्यात ऱ्हाती.”

मी परत परत जायला लागले. आधी काम काढून, मग काम नसताना. त्यांची काम करायची एक रीत होती, ती मला फार आवडायची. लाकडाला करवत लावायच्या आधी ते माप मोठ्यानं बोलायचे आणि शेडमध्ये जो कुणी असेल त्यानं ते परत बोलून दाखवायचं. “दोनशे चाळीस!” “दोनशे चाळीस!” मगच करवत चालायची. समोर फौंड्रीचा मालक उभा असला तरी त्याची सुटका नव्हती. पोस्टमननं पत्र देता देता माप बोलून दाखवलेलं मी पाहिलंय. “आपल्या तोंडानं आपलं माप खरंच वाटतंय,” चाचा म्हणायचे, “दुसऱ्याच्या तोंडातनं आलं की कळतंय.”

ही रीत एकदाच मोडली आणि त्यातून कपाट झालं. ही गोष्ट चाचांनी नाही, चाचींनी मला सांगितली, हसता हसता डोळे पुसत. लग्नाला दहा वर्षं झाली तरी मिस्त्रीच्या घरात कपाट नव्हतं. चाचींनी लकडा लावला तेव्हा चाचांनी उत्तम सागवान आणलं. घरात भिंत आणि खांबाच्या मध्ये चार फुटांना थोडा कमी असा कोनाडा होता, तो टेपनं मोजला, बरोबर बाराशे मिलिमीटर. मग महिनाभर दर सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये एकटेच बसून कपाट केलं. चार माणसांनी ते उचलून घरी आणलं, कोनाड्यापाशी नेलं, आणि… कपाट आत जाईना. अर्ध्या इंचानं अडलं. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणे घासा, कुणी म्हणे वरनं ठोका. कपाट करताना चाचांचा हात सवयीनं टेबलावरच्या पट्टीकडे गेला होता, बाराशेच्या जागी खरे बाराशे बारा झाले होते, आणि सुट्टीमुळे शेडमध्ये माप परत बोलून दाखवायला कुणी नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “कपाट बराबर हाय. भिंत बारीक हाय.” मग छिन्नी आणून त्यांनी खांबाचा गिलावा खरवडला आणि कपाट आत बसवलं. “भिंत बारीक म्हणे!” चाची अजून सांगायच्या. त्या दिवसापासून शेडमध्ये नियम झाला, साधी पट्टी दाराच्या खिळ्याला आणि कामाची पट्टी टेबलाला, दोघींनी एकमेकींच्या घरी जायचं नाही. आणि असल्या चुकीला आमच्यात नावच पडलं, ‘कपाट होणं’.

नोकरीत तीन वर्षं झाली तेव्हा मला बढती मिळाली आणि काम उरलं ते सह्या करण्याचं. सकाळी पहिली सही करायची, संध्याकाळी शेवटची, आणि मधल्या वेळात आपण इंजिनिअर आहोत हे गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचायचं. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीतून विचारणा आली होती. शाहूपुरीत धान्याचं दुकान असलेल्या आमच्या अप्पांचं तिसरंच. “सुजा, बँकेची परीक्षा दे,” ते म्हणायचे, “पंख्याखाली बसून करायचं काम बघ. फौंड्रीत काळं होऊन कुणाचं भलं झालंय?” मला मोठं व्हायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या नावाची पाटी असावी, चार माणसांनी ‘म्याडम’ म्हणावं, हे मला हवं होतं. आणि हातानं काहीतरी करायचंही होतं, सकाळी नसलेली वस्तू संध्याकाळी टेबलावर दिसायला हवी होती. या दोन इच्छा माझ्यात सवतींसारख्या नांदत होत्या.

मी चाचांना म्हणाले, मला शिकवा. त्यांनी वर्षभर शिकवलं, संध्याकाळी आणि शनिवारी. आणि वर्षाच्या शेवटी म्हणाले, “हातानं करायचं दिस सरलं. तू मशीन घे.” कॉम्प्युटरवर चालणारी, लाकूड कोरणारी मशीनं तेव्हा नुकती आली होती. मी नोकरी सोडली, कागलला छोटा गाळा घेतला, मशीन बसवलं. अप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. चाचा उद्घाटनाला आले, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “ह्याला माप परत म्हणता येतंय का?” सगळे हसले. मीही हसले.

पुढचं सांगायला जड जातं, पण ते गाळून चाचांबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी होईल. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीचे मालक माझ्याकडे आले. चाचा त्यांचं काम तीस वर्षं करत होते. “मिस्त्रींना दोन महिने लागतात, तुम्ही दहा दिवसांत द्याल का?” मी हो म्हणाले. चाचांना सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. राहून वगैरे काही गेलं नव्हतं, मी टाळलं होतं. त्यांना कळायचं ते कळलंच. मी शेडमध्ये गेले तर त्यांनी मान वर केली नाही. “गिऱ्हाईक काय कुणाच्या मालकीचं नसतंय,” रंधा मारता मारता म्हणाले, “घेतलंस त्याचं काय न्हाय. पर आदी सांगायचं हुतंस की.” त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही. कोल्हापुरात चहा न विचारणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. आठ महिने आमचं बोलणं बंद होतं.

आणि मग माझं कपाट झालं. त्याच मालकांचं मोठं काम होतं, गिअरच्या पेटीचं. त्यांनी कॉम्प्युटरची फाईल पाठवली होती आणि तिच्यात आकसण्यासाठीची वाढ आधीच धरलेली होती. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी माझ्या सवयीनं वाढ धरली, म्हणजे ती दोनदा धरली गेली. मशीननं मुकाट्यानं कोरून दिलं. सगळ्या पेट्या मोठ्या निघाल्या, सगळा माल बाद. मालकांचा फोन आला तेव्हा मी ताठपणे म्हणाले, “माझ्या स्क्रीनवरचे आकडे बरोबर आहेत.” ते म्हणाले, “मी मिस्त्रींना बोलावतो. ते म्हणतील ते मान्य?” ज्यांचं गिऱ्हाईक मी न सांगता घेतलं होतं तेच आता माझा निवाडा करणार होते. मी मान्य म्हणाले, दुसरं काय म्हणणार. त्याच आठवड्यात पुण्याहून पुन्हा पत्र आलं होतं, सोमवारपर्यंत कळवा म्हणून. ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं.

चाचा आपल्या दोन्ही पट्ट्या घेऊन आले. माझ्याकडे बघितलं नाही. आधी ड्रॉइंग वाचलं, तिथं माप होतं चारशे. मग कामाची पट्टी, जिच्यावर तेच चारशे भरायला हवं होतं, माझ्या पॅटर्नला लावली, वाकून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, “चारशे चार.” आणि थांबले. चाचा वाट बघत होते, आणि कुणाची ते मला समजत होतं. “चारशे चार,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला. मालक विचारायला लागले, फाईल कशी होती, कुणी काय सांगितलं. चाचांनी हात वर केला. “फाईल कुणाची का असंना. पॅटर्न कुणी केला? हिनं. मंग इचारायचं कुणी? चूक पोरीची हाय.” एवढं बोलून त्यांनी पट्ट्या फडक्यात गुंडाळल्या.

बाहेर रस्त्यावर मी त्यांना गाठलं. मी रडत होते आणि भांडतही होते. “चाचा, अर्धी चूक त्यांची होती! तुम्हाला म्हणता आलं असतं की!” “आलं असतं की,” ते शांतपणे म्हणाले. “म्हटलो असतो तर आज सुटली असतीस. मंग उद्या माजं माप कोण खरं धरंल? आन तुजं?” मी पर्समधलं पत्र काढून दाखवलं. “मी बंद करणार हाय हे. पुण्याला जातो.” त्यांनी पत्र हातात घेतलं नाही. “जा की. मोठी कंपनी हाय, मोठी हो. कोण नगं म्हणतंय?” चार पावलं चालले आणि थांबले. “पर एक सांग. त्यो पॅटर्न तिथंच टाकून जाऊ वाटतंय, का परत करू वाटतंय?” मला त्यांचा भयंकर राग आला. असला प्रश्न विचारायची ती वेळ होती का? पण खोटं बोलायचीही सोय उरली नव्हती, आत्ताच त्यांनी ती मोडीत काढली होती. “परत करू वाटतंय,” मी म्हणाले. “मंग आदी ते कर. पुणं काय पळून चाललंय व्हय?” आणि मग आठ महिन्यांनी पहिल्यांदा ते हसले. “कपाट झालं की गं तुजं,” म्हणाले, आणि समोरच्या गाड्यावर दोन चहा सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते डबा घेऊन एसटीनं कागलला हजर. “तू माप बोल, मी परत म्हणतो.” कॉम्प्युटरवर एकेक आकडा टाकताना मी ओरडून सांगायची, ते मागच्या खुर्चीवरून ओरडायचे. नऊ दिवसांत नवा पॅटर्न झाला. सोमवार कधी उलटला ते मला बुधवारी कळलं. मी काही मोठा त्याग वगैरे केला नाही, पुण्याला उत्तर द्यायचं विसरले, इतकंच. मालकांनी तो पॅटर्न घेतला, पण पुढं दोन वर्षं मला काम दिलं नाही. मग एक दिवस आले आणि जुनं काही न बोलता नवं ड्रॉइंग टेबलावर ठेवलं, आणि सोबत फाईलमध्ये वाढ धरली आहे की नाही ते कागदावर लिहून आणलं होतं.

त्यानंतर आठवड्यातले तीन दिवस चाचा कागलला येत राहिले. उद्यमनगरातली शेड त्यांनी बंद केली. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, माझ्यासारख्यांच्या मशीनांनी ती बंद पाडली. एकदा तसं बोलून दाखवलं तर खेकसले, “मशीननं न्हाय, माज्या गुडघ्यांनी बंद पाडली. उगं मोठंपण घिऊ नगंस.” एकदा अप्पा मला डबा द्यायला आले आणि आम्ही दोघं एकमेकांवर आकडे ओरडतोय हे बघून दारातच थबकले. “काय भजन लावलंय हे?” म्हणाले. तोंडानं त्यांनी माझ्या कामाला कधी बरं म्हटलं नाही, पण दुकानातल्या गल्ल्यापाशी माझी कार्डं ठेवायला लागले. ज्वारी घ्यायला आलेल्या बाईला पॅटर्नच्या वर्कशॉपचं कार्ड कशाला लागणार, हे मी त्यांना विचारलं नाही. पुण्याला गेलेल्या मैत्रिणी भेटतात, तेव्हा त्यांच्या पट्टीनं मी अजूनही स्वतःला मोजून बघते. कमी भरते. मग एखादा दिवस उदास जातो.

मागच्या वर्षी एका कॉलेजनं मला करिअर मार्गदर्शनासाठी बोलावलं. मी मूल्यं, महत्त्वाकांक्षा असल्या मथळ्यांचं काहीबाही पडद्यावर दाखवायला तयार करून नेलं. चाचा पहिल्या रांगेत बसले होते. एका मुलीनं विचारलं, “आवडीचं काम करावं की ज्यात भविष्य आहे ते?” मी घसा साफ करेपर्यंत चाचा उठलेच. “आवड आदी कुणाला कळतीया? मला कुठं लाकूड आवडत हुतं? मला ट्रक ड्रायव्हर व्हायचं हुतं!” सभागृह हसलं. “काम धरायचं. मन लावून करायचं. मंग एक दिस झकास चुकायचं. चुकल्यावर पळून जाऊ वाटलं तर बेलाशक पळा, त्यात काय लाज न्हाय. परत करू वाटलं तर त्ये तुमचं.” आणि खाली बसले. माझे उरलेले मथळे मी दाखवलेच नाहीत. परतताना गाडीत मी विचारलं, अस्लमनं तुमचं काम घेतलं नाही, वाईट वाटतं का? त्यांनी खिडकीबाहेर बघत विचार केला. “त्यो लई बेकार मिस्त्री झाला असता,” म्हणाले, “मास्तर चांगला हाय.”

गेल्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा दिवस झाला. जेवणं उरकून माणसं पांगली तेव्हा चाचींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. सामान खोक्यांत भरलेलं होतं, कपाट रिकामं करून दारं उघडी टाकली होती. चाचींनी माझ्या हातात फडक्यात गुंडाळलेली पट्टी दिली, टेबलावरची, कामाची. “तुलाच द्यायची हुती त्येस्नी,” म्हणाल्या आणि वळून खोक्यांशी काहीतरी करत राहिल्या. अस्लम दारात उभा होता. म्हणाला, “ताई, फ्लॅटमध्ये कपाट बसत नाही. जुनं सामान घेणारा येऊन गेला. मोडून लाकूड नेतो म्हणतोय. उद्या येतो म्हणालाय.”

काय वाटलं कोण जाणे, मी पट्टी उघडली आणि कपाटाला लावली. एकापुढे एक सरकवत, पेन्सिलीनं खुणा करत रुंदी मोजली. खाली बाराशे. मध्ये बाराशे. स्टुलावर चढून वर मोजली, बाराशे. केसाइतका फरक नव्हता, कुठंच नव्हता. तीस वर्षं आम्ही सगळे त्या कपाटाला हसत आलो, तेही हसले. उचलताना पट्टी चुकली होती, हात चुकलाच नव्हता. मी स्टुलावरच बसले. जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी विचारलेला प्रश्न मला आता ऐकू आला, आणि त्या दुपारी मशीनसमोर जे रडू आलं नव्हतं ते आलं. चाची येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मग मी अस्लमला म्हणाले, त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग.

काल गवंडी कागलला आला. माझ्या टेबलामागची भिंत मी त्याला दाखवली, इथं कोनाडा काढायचा, कपाट आत सरकून बसलं पाहिजे, गिलावा खरवडावा लागता कामा नये. त्यानं खिशातून टेप काढला, कानामागची पेन्सिल हातात घेतली आणि विचारलं, “रुंदी किती धरू?”

“बाराशे बारा,” मी मोठ्यानं म्हणाले आणि थांबले.

त्यानं टेप खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. “बाराशे बारा? हे असलं कसलं अडनिडं माप ओ, म्याडम?”

“बरोबर हाय,” मी म्हणाले. “काढा.”